फार लाडानं पीक बिघडतं

खत वाढवा, पाणी वाढवा, उत्पादन वाढेल! हा हिशेब बऱ्याच पिकांना मान्य नाही. काहींना जरा छळलं, की ती जास्त देतात.

तूर महिना-दीड महिन्याची झाली की तिचा शेंडा खुडायचा. शेंड्यातलं संजीवक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. तो गेला की बाजूच्या फांद्या फुटतात आणि शेंगांना जागा वाढते. आता यासाठी बॅटरीवरची यंत्रंही आली आहेत. शेळी हेच काम फुकट करते, पण ती शेंड्यावर थांबत नाही.

उसात अन्याय थेट थोरल्यावर. जेठा कोंब मोडला की धाकटे फुटवे जोमानं आणि सारखे वाढतात.

डाळिंबाला तर चक्क तहानलेलं ठेवतात. ताण दिला की पानं पिवळी पडून गळतात. मग पाणी सोडलं की झाड फुलतं. पाणी कधी सोडायचं त्यावर मृग, हस्त की आंबे बहार हे ठरतं, म्हणजे झाडाचं पंचांग शेतकऱ्याच्या हातात.

खरी गंमत द्राक्षाची. थंड देशांत वेल हिवाळाभर झोपते, छाटणी वर्षातून एकदाच. नाशिक-सांगलीत तिला झोप कुठली! एप्रिलमध्ये खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी फळासाठी. त्यातून ऑक्टोबरचा घड उन्हाळ्यातच डोळ्याच्या आत तयार झालेला असतो. म्हणून बागायतदार छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली घड बघून घेतात. फळाची सोनोग्राफीच ही.

भाताला गर्दी सोसत नाही, आणि लावणीला उशीरही. 1983 मध्ये मादागास्करात आंरी द लोलानिए या धर्मगुरूंना नाइलाजानं अवघी पंधरा दिवसांची कोवळी रोपं लावावी लागली. आधी मरगळलेल्या त्या रोपांना पुढे फुटवेच फुटवे आले, आणि त्यातूनच जगभर गेलेली ‘श्री’ पद्धत निघाली. आपल्याकडे डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतही चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीनच रोपं, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात खोचायची. फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो, खोचलेली गोळी मुळांपाशीच राहते.

आणि सोयाबीनवर युरियाची खैरात? मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र फुकट आणून देतात. आयता मिळाला की त्याही काम सोडतात.

करून बघायचं तर आधी दोन-चार ओळींवर बघा. आणि तुरीला फुलकळी दिसली, की खुडणी बंद.