झेंडा कोणताही असो, यादी कोणाच्या हातात?
गावपातळीच्या पक्षीय राजकारणाविषयी सात गैरसमज

निवडणूक जाहीर झाली की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात शेणवा, किन्हवली, डोळखांबपासून पार मुरबाडपर्यंत नाक्यानाक्यावर फलक चढतात. फलकावर नेते मोठे आणि गावातला कार्यकर्ता खालच्या रांगेत चिकटवलेला. ते पाहून अनेक तरुणांचा समज होतो की राजकारणात जायचे तर त्या रांगेत फोटो लागला पाहिजे. प्रत्यक्षात गावचे राजकारण फलकापेक्षा कागदावर जास्त चालते. मतदार यादी, आरक्षणाची सोडत, ग्रामसभेचा ठराव हे ते कागद. ते न वाचल्यामुळेच पुढचे गैरसमज वर्षानुवर्षे टिकून आहेत.

गैरसमज १ : ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षांमध्ये होते.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. मतदान यंत्रावर कमळ, पंजा, घड्याळ, मशाल यांपैकी काहीच नसते. राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या मुक्त चिन्हांपैकी एक उमेदवाराला मिळते. लढत असते पॅनेलची. विधानसभेला एकमेकांविरुद्ध घोषणा देणारे दोघे गावात एकाच पॅनेलमध्ये दिसतात ते यामुळेच. निकालाच्या रात्री एकाच सरपंचावर दोन-तीन पक्ष दावा सांगतात, तेही यामुळेच. पक्ष अधिकृतपणे उतरतो तो पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. तिथे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म लागतो. जिल्हा परिषदेचा मतदारसंघ म्हणजे गट, आणि एका गटात पंचायत समितीचे दोन गण. आपले गाव कोणत्या गटात आणि कोणत्या गणात आहे, हे ज्याला सांगता येत नाही त्याने उमेदवारीची चर्चा सुरू करू नये.

गैरसमज २ : वरून शब्द मिळाला की कोणालाही सरपंच होता येते.

वस्तुस्थिती : शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो, मुरबाडमधली काही गावेच त्यात आहेत. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यानुसार तिथले सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असते. त्यामुळे शेणव्याच्या बाजूला कुणबी, आगरी किंवा अन्य समाजातल्या कार्यकर्त्याने सरपंचपदाची स्वप्ने पाहणे व्यर्थ आहे. सदस्यपदाची बिगरराखीव जागा आणि उपसरपंचपद मात्र त्याला खुले आहे. शिवाय पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. राखीव पदावर आपला माणूस बसवून कारभार मागून हाकायचा, हा यावरचा जुना तोडगा. पण ग्रामनिधीच्या व्यवहारावर सही सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याचीच (पूर्वीचा ग्रामसेवक) लागते, आणि चौकशी लागली तर उत्तरही सही करणाऱ्यालाच द्यावे लागते. मागून हाकणारा तेव्हा कोणत्याच कागदावर सापडत नाही.

गैरसमज ३ : हे पैसेवाल्यांचे आणि शिकलेल्यांचे काम आहे.

वस्तुस्थिती : ग्रामपंचायतीची उमेदवारी २१ व्या वर्षी मिळते. अनामत सर्वसाधारण उमेदवाराला ५०० आणि राखीव जागेवर १०० रुपये. २०२२-२३ मधल्या निवडणुकांत सात ते नऊ सदस्यांच्या पंचायतीत खर्चाची मर्यादा सदस्यपदाला २५ हजार, तर थेट सरपंचपदाला ५० हजार रुपये होती. शिक्षणाची अट एवढीच, की १ जानेवारी १९९५ रोजी किंवा नंतर जन्मलेल्याने सातवी पास असावे. उमेदवारी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेले तिसरे अपत्य, बिल मिळूनही तीन महिन्यांत न भरलेली घरपट्टी, सरकारी जागेवरचे अतिक्रमण, मुदतीत न दिलेला निवडणूक खर्चाचा हिशेब, वेळेत सादर न झालेले जातवैधता प्रमाणपत्र. पैसा उधळून यातले काहीही सुटत नाही.

गैरसमज ४ : एकदा निवडून आले की गटार-रस्त्याचे ठेके आपलेच.

वस्तुस्थिती : पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा आढळला तर सदस्यत्व जाते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्येच तसे लिहिले आहे. असे ठेके उघड गुपित असतात हे खरे. पण तक्रार झाली की प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाते, आणि विरोधी पॅनेलला नेमकी अशीच तक्रार हवी असते. ठेकेदारी करायची असेल तर ती करावी. त्यासाठी निवडून यायची गरज नाही.

गैरसमज ५ : मतदार यादी सरकारचे काम, कार्यकर्त्याने प्रचार करायचा.

वस्तुस्थिती : पक्षकार्यातले सर्वांत कमी दिसणारे आणि सर्वांत मोलाचे काम हेच आहे. मान्यताप्राप्त पक्षाला प्रत्येक मतदान केंद्रासाठी आपला प्रतिनिधी नेमता येतो. त्याने सरकारी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याबरोबर (बीएलओ) यादी तपासायची असते. नवे नाव अर्ज क्रमांक ६ ने, नाव वगळण्याची मागणी ७ ने, दुरुस्ती आणि स्थलांतर ८ ने. अठरा वर्षे मोजण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. ग्रामपंचायतीची प्रभागवार यादीही विधानसभेच्या यादीतूनच फोडली जाते. तेव्हा विधानसभेच्या यादीत नाव नसेल, तर गावच्या निवडणुकीतही मत नाही.

आपल्या भागात याचा सर्वाधिक फटका कातकरी वस्त्यांना बसतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात तपासणीला आलेल्याला दाराला कुलूप दिसते, आणि नाव वगळण्याची शिफारस होते. पण लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चे कलम २० स्पष्ट सांगते की तात्पुरते बाहेर गेल्याने माणूस त्या गावचा रहिवासी राहत नाही असे होत नाही. हे कलम दाखवून एका पाड्याची नावे राखणारा कार्यकर्ता दहा सभा भरवणाऱ्याहून पक्षाच्या जास्त उपयोगाचा. उलट बाजूही आहे. कल्याण-भिवंडीत कायम राहायला गेलेल्यांची नावे दोन्ही ठिकाणी ठेवणे बेकायदा आहे. ‘मतदानापुरते गावाला या’ हा आग्रह त्यांनाच अडचणीत आणतो.

गैरसमज ६ : ग्रामसभा म्हणजे सत्ताधारी पॅनेलची बैठक.

वस्तुस्थिती : गावच्या मतदार यादीतली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य आहे, हरलेला उमेदवारही. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचे वजन आणखी मोठे. गौण वनोपज, लहान जलसाठे, दारूविक्री, जमिनीचे हस्तांतरण यांबाबत तिला पेसाने अधिकार दिले आहेत. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी कशावर खर्च करायचा हेही तीच ठरवते. २०१४ च्या राज्य नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेऊन स्वतःची ग्रामसभा मिळवता येते. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही इथलेच. त्या पाड्याच्या पाण्याचा विषय इतिवृत्तात आणणे हे विरोधी पक्षाच्या साध्या सदस्यालाही जमते. त्यासाठी पद लागत नाही; चारचौघांत उभे राहून बोलावे लागते आणि ठराव लिहिला गेला का ते पाहावे लागते.

गैरसमज ७ : बिनविरोध निवडणूक म्हणजे गावाची एकी.

वस्तुस्थिती : खरी एकी असेल तर उत्तमच. पण नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाचा लिलाव मंदिराच्या नावाने दोन कोटी रुपयांच्या वर गेला. नंदुरबारच्या खोंडामळीतही बोली लागली. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. देवळाला देणगी दिल्याने पदाची विक्री पवित्र होत नाही. ‘गावाने ठरवलंय, अर्ज मागे घे’ असे सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : गावाने म्हणजे नेमके कोणी, आणि त्या बैठकीत बाया किती होत्या?

शेवटी एक इशारा आणि एक विनंती. जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि सरकारी कर्मचारी यांना कोणत्याही पक्षाचे काम करण्यास वर्तणूक नियमांनी मनाई आहे. भावकीच्या आग्रहापोटी नोकरी धोक्यात घालू नये. बाकीच्यांनी पक्ष निवडण्याआधी तीन गोष्टी कराव्यात : आपल्या पाड्याची मतदार यादी मिळवून ती वाचावी, घरपट्टीची पावती हाताशी ठेवावी, आणि येत्या ग्रामसभेला शेवटपर्यंत बसावे. एवढे केलेल्याला सगळेच पक्ष शोधत येतात. मग कोणत्या पक्षाचा झेंडा हाती घ्यायचा हे त्याला स्वतःच्या अटींवर ठरवता येते.