इंडिया जिंकली, मग पैसे कुठं गेले?

"ताई, एक इचारू का? पण हसायचं नाही."

गटाची मीटिंग संपली होती. बाकीच्या बाया सह्या-अंगठे करून पांगल्या होत्या. मी रजिस्टर पिशवीत घालून घोडेगावची एस.टी. गाठायच्या घाईत होते. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या एका वाडीत आमचा हा बचत गट. डिसेंबर 2023 चे दिवस. भाताची झोडणी उरकलेली, अंगणात पेंढा रचून ठेवलेला.

"दिवाळीच्या आधी इंडियाची मॅच व्हती ना, मुंबईला? ती आपुन जिकलो ना?"

"हो, जिंकलो की."

"लई मोठी जिकलो का बारकी?"

मला हसू आलंच. "खूप मोठी, मावशी."

"मंग माझ्या पोराचं पैसं कसं गेलं?"

माझं हसू तिथल्या तिथं विरलं. मावशींनी ऑक्टोबरमध्ये गटाकडून शेळ्यांसाठी तीस हजारांचं कर्ज उचललं होतं. त्या कर्जाच्या ठरावावर माझीही सही होती. "चाकणच्या बाजारातून शेळ्या आणतो," असं पोरगा दिवाळीपासून सांगत होता. शेळ्या काही आल्या नव्हत्या. पैसे मावशींच्याच खात्यावर जमा झाले होते, पण खात्याला मोबाइल नंबर जोडलेला होता पोराचा. मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणींची हीच गत आहे! खातं आपलं, पासबुक आपल्या ट्रंकेत, आणि पैसे आले-गेल्याचा मेसेज मात्र दुसऱ्याच्या खिशात वाजतो.

त्या दिवशी मावशींना मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही कळलं नव्हतं. आपला देश जिंकणार असं म्हणून पैसे लावले, देश जिंकला, तर पैसे दुप्पट व्हायला हवेत. माझी समज एवढीच. घरी येऊन यजमानांना विचारलं. त्यांना क्रिकेटचे आकडे पंचांगासारखे पाठ. ती मॅच 2 नोव्हेंबर 2023 ची, वानखेडे स्टेडियमवरची. वर्ल्ड कपमध्ये भारताविरुद्ध श्रीलंका. भारताने 8 बाद 357 धावा केल्या आणि श्रीलंकेला 55 धावांत गुंडाळलं. शमीचे पाच बळी. 302 धावांनी विजय! इतकी एकतर्फी मॅच, की आमच्याकडे दुसरा डाव चालू असताना मी निवांत चकलीची भाजणी भाजत होते, कुणी हाक मारून बोलावलंसुद्धा नाही.

मग पोरगा हरला कसा? ते त्यानंच सांगितलं, पण पुढच्या खेपेला, आणि तेही मी एकटी असताना. तेवीस वर्षांचा, बारावी झालेला, दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर. भीमाशंकरला येणारे भाविक ने-आण करतो. स्वभावानं गरीब. मान खाली घालून बोलत होता, पण एकदा हिशेब सांगायला लागला की डोळ्यांत अशी काही चमक यायची, की मला तिचीच जास्त भीती वाटली.

तो म्हणाला, "काकू, इंडिया जिंकणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मग त्याच्यावर कोण कशाला भाव देईल?"

भाव म्हणजे काय, तर शंभर रुपये लावले की जिंकल्यावर वर किती मिळणार ते. बरोबरीच्या मॅचमध्ये ऐंशी-नव्वद पैसे भाव असतो, म्हणजे शंभराला ऐंशी-नव्वद रुपये सुटतात. एकतर्फी मॅचमध्ये तोच भाव पाच पैशांवर येतो. हजार लावा, पन्नास मिळवा. आणि चुकून उलटं झालं तर हजारच्या हजार गेले. पन्नास रुपयांसाठी कोण तिष्ठत बसणार? म्हणून मग 'सेशन'.

सेशनचा मॅचच्या हार-जितीशी काही संबंध नसतो. पहिल्या दहा षटकांत धावा किती होणार, अमका फलंदाज पन्नास करणार का, पुढच्या षटकात विकेट पडणार का, यावर पैसे. समजा दहा षटकांचा आकडा दिला, 55-57. सत्तावन्न किंवा जास्त झाल्या तर 'येस'वाला जिंकला, पंचावन्नच्या आत राहिल्या तर 'नो'वाला. आणि बरोबर पंचावन्न किंवा छप्पन्न झाल्या तर? मी विचारलं.

"मग दोघंबी गेले. ते पैसे बुकीचे."

हे सगळं आता चिठ्ठीवर चालत नाही. कुणीतरी ओळखीचाच पोरगा 'आयडी' देतो, म्हणजे मोबाइलवर उघडायचं एक नाव आणि पासवर्ड. पैसे त्याला द्यायचे, तो तेवढे पॉइंट टाकतो. स्क्रीनवर रुपये दिसतच नाहीत, नुसते पॉइंट. आपण गटात दहा रुपये दंड भरतानाही तीनदा नोट चाचपतो. त्याला नोट हाताला लागतच नव्हती.

त्या दिवशी रोहित शर्माने पहिल्याच चेंडूवर चौकार मारला आणि दुसऱ्या चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. पहिल्या षटकावर लावलेले गेले. मग गिल शतक करणार म्हणून लावले, तो 92 वर बाद. कोहली तरी करीलच, सचिनच्या 49 शतकांची बरोबरी त्याच मैदानावर होणार असं सगळे म्हणत होते. कोहली थोड्याच वेळात 88 वर गेला. स्टेडियम हळहळलं, आपणही हळहळलो. हा पोरगा कड्याच्या टोकाला, जिथं रेंज येते तिथं, जीपमध्ये बसून घामाघूम झाला होता. पुढं त्यानं श्रीलंका किमान दीडशे तरी करील यावर 'येस' लावलं. श्रीलंकेची पहिली विकेट पहिल्याच चेंडूवर पडली.

म्हणजे बघा, भारत जितका जास्त जिंकत गेला, तितका हा जास्त हरत गेला. शेजारची पोरं फटाके वाजवत होती आणि याला वाटत होतं, श्रीलंकेच्या कुणीतरी थोडं तरी खेळावं! "काकू, मी त्या दिवशी आपल्याच टीमच्या विरुद्ध देवाला हात जोडले," हे सांगताना मात्र त्याचा आवाज फुटला.

त्या मॅचमध्ये अकरा हजार गेले. राहिलेले आईला देऊन टाकायचे सोडून तो भरपाई करायला निघाला. 5 नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिका 83 धावांत बाद, 243 धावांनी विजय. 12 तारखेला, ऐन लक्ष्मीपूजनाला, नेदरलँड्सवर 160 धावांनी विजय. थोडं आलं, जास्त गेलं. 19 नोव्हेंबरच्या फायनलला त्यानं सेशनचा नाद सोडून सरळ भारतावर लावले. लागोपाठ दहा मॅच जिंकलेली टीम, हरतेय कशाला? शेळ्यांचे उरलेले होतेच, शिवाय आयडीवाल्यानं उधारीवर आणखी पॉइंट दिले. अहमदाबादला काय झालं ते साऱ्या देशाला माहीत आहे. ऑस्ट्रेलिया सहा विकेटनी जिंकली. त्याच वर्ल्ड कपमध्ये अफगाणिस्तानानं इंग्लंडला आणि नेदरलँड्सनं दक्षिण आफ्रिकेला हरवलं होतं, म्हणजे खात्रीची टीम कधी हरत नाही असंही नव्हे. पण ते त्या वेळी कुणाच्या ध्यानात राहतं?

आपल्या आधीच्या पिढीनं मटका पाहिला. कल्याण मटका 1962 सालापासूनचा. ओपन-क्लोजच्या आकड्यांपायी कुणाची पगाराची पाकिटं गेली, कुणाची भांडी मोडीत निघाली. पण मटक्याला निदान बदनामी होती. आकडा लावणारा माणूस चोरासारखा जायचा. क्रिकेटला लाज नाही. तो तर घरोघरचा सण आहे. आणि मी तरी कोणत्या तोंडानं बोलू? त्याच वर्ल्ड कपमध्ये आमच्या दिवाणखान्यात मुलांनी दहा-दहा रुपयांच्या पैजा लावल्या होत्या आणि मी हसत हसत सुटे पैसे काढून दिले होते.

जानेवारीत तो आयडीवाला उधारीच्या चाळीस हजारांसाठी मोटारसायकलवरून दारात येऊ लागला. मावशींनी गळ्यातलं डोरलं काढून ठेवायची तयारी केली होती. तेव्हा मी वकील असलेल्या एका मैत्रिणीला फोन केला. तिनं सांगितलेलं इथं मुद्दाम लिहिते. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार मुळातच रद्दबातल. पैजेत जिंकलेला पैसा कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाही. सट्टा घेणं हाच आपल्या राज्यात 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. दारात येऊन धमकावत असेल तर पोलिसांकडे जायचं त्यानं नाही, आपण. पुढं ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. टीम इंडियाच्या जर्सीवरचं ड्रीम इलेव्हनचं नाव त्यानंतरच गेलं. त्याचा खेळ सट्ट्याहून वेगळा धरला जात होता, हे खरं. पण मोबाइलवर मॅच बघत बघत पैसे लावायची पोरांची भीड मोडली, ती अशाच खेळांनी, असं माझं मत आहे.

मावशींनी आयडीवाल्याला दारातूनच सांगितलं, "माझी वकील ताई म्हणती, चल पोलिसात." तो परत आला नाही. मात्र गटाचे तीस हजार तर फेडायचेच होते. ते काही कुठल्या कलमाखाली माफ होत नाहीत. पोरगा पगारातून महिन्याला दोन हजार देऊ लागला. खात्याचा नंबर बदलून आम्ही मावशींच्या साध्या फोनचा घातला. आणि मन सारखं तिकडंच ओढ घेतं, झोप लागत नाही, असं तो म्हणाला, तेव्हा त्याला 14416 हा टेलिमानसचा सरकारी, मोफत नंबर लिहून दिला. त्यानं फोन केला का, हे मी विचारलेलं नाही.

हे प्रकरण गटात बोलायचं की झाकून ठेवायचं, यावर माझं मन चार दिवस हेलकावत होतं. मावशीच म्हणाल्या, "सांगा. समद्यांच्या घरात पोरं हायेत." पण सेशन बायांना समजवायचं कसं? फेब्रुवारीतला रविवार होता, मीटिंग रस्त्याकडेच्या समाजमंदिरात. मी प्रत्येकीला वीस-वीस चिंचोके वाटले. म्हटलं, "मी बुकी. पुढच्या पाच मिनिटांत भीमाशंकराकडं किती गाड्या वर जातील? आकडा आहे आठ-दहा. दहा किंवा जास्त म्हणणारीनं 'येस'वर चिंचोके ठेवायचे, आठाच्या आत म्हणणारीनं 'नो'वर."

हशा पिकला. एक आजी म्हणाल्या, "देवबी पार्वतीसंगं सारीपाट हरलं आन् रुसून रानात गेलं. आपलं काय घिऊन बसलाय!" त्या सगळ्यात आधी पुढं सरसावल्या.

पहिल्या फेरीत अकरा गाड्या गेल्या, 'येस'वाल्या जिंकल्या. टाळ्या! दुसऱ्या फेरीत नऊ. दोन्हीकडचे चिंचोके माझ्या ओट्यात. "आँ? हे कसं?" तिसऱ्या फेरीत मी आकडा बदलला, चौथ्यात पुन्हा. एव्हाना बाया दाराशी उभ्या राहून रस्त्याकडं डोळे लावून बसल्या होत्या. एक गाडी वळणावर थांबली तर "ये ना बये" म्हणून ओरडत होत्या. चहा निवून गेला. सात फेऱ्यांनंतर निम्म्याहून जास्त चिंचोके माझ्या ओट्यात होते. घड्याळ बघून मी म्हटलं, "बास, आता हिशेब करू."

"थांबा ताई, यक डाव आजून," आजी म्हणाल्या. "आता माझं परत येत्यात."

त्यांच्यापुढं एकही चिंचोका उरला नव्हता. त्यांनी शेजारच्या मावशींपुढं हात पसरला, "पाच दे गं, लगीच देते." मावशी त्या हाताकडं बघत राहिल्या.

बाहेर रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या. कुणी मोजल्या नाहीत.