डासांची माझ्यावरच एवढी मेहेरबानी का?

वर्ध्याला घरी गेले की संध्याकाळचा सीन ठरलेला. ओसरीवर सात-आठ जण गप्पा मारत बसलेले आणि डास चावणार फक्त मलाच! "तुयं रगत गोड हाये, बाई," आजी म्हणायची. आम्ही हसायचो. आजी मात्र हसायची नाही. तिचा उजवा पाय हत्तीरोगानं सुजलेला. लग्नकार्यात ती लुगड्याखाली पाय दडवून कोपऱ्यात बसायची. "मागच्या जन्मीचं पाप," म्हणायची.

तर मंडळी, हा गोड रक्ताचा फंडा साफ खोटा! चावते ती डासाची मादी. ती आधी आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढते, मग त्वचेचा वास आणि ऊब हुंगत येते. रक्ताची चव तिला चावल्यावरच कळणार ना?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली व्हॉसहॉल यांच्या टीमनं लोकांच्या हातांवर नायलॉनचे मोजे चढवले आणि मग दोन-दोन मोज्यांची डासांसमोर मॅच लावली. 2022 साली निकाल छापून आला. सर्वांत 'लाडकी' व्यक्ती सर्वांत नावडतीपेक्षा शंभरपटीहून जास्त आकर्षक! अशा लाडक्यांच्या त्वचेवरच्या तेलकट थरात कार्बोक्झिलिक आम्लं जास्त सापडली. तीन वर्षांत ही क्रमवारी फारशी हललीही नाही. म्हणजे साबण बदलून सुटका नाही. हा प्रयोग डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांवर होता. हत्तीरोग पसरवतो तो क्युलेक. तो गटाराच्या घाण पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो.

आपल्या भागात हा रोग जुनाच. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत यावर वर्षानुवर्षं संशोधन झालंय. याचे सूक्ष्म जंतू रक्तात रात्रीच जास्त सापडतात, म्हणून तपासणीही रात्री. एक-दोन चाव्यांनी हा रोग सहसा होत नाही; महिनोन् महिने, वर्षानुवर्षं चावे बसावे लागतात. त्यामुळे प्रत्येक टळलेला चावा मोलाचा.

मग करायचं काय? डीट असलेलं क्रीम घ्या. 1946 साली अमेरिकी लष्करासाठी शोधलेलं हे रसायन अजूनही भरवशाचं आहे. उघड्या त्वचेवर सगळीकडे सारखं लावा. जिथं सुटलं, तिथं डास चावलाच! सनस्क्रीन आधी, हे नंतर. जखमेवर नको, लहान मुलांच्या तळहातांवर नको. रात्री मच्छरदाणी हवीच.

आणि हत्तीरोगाच्या गोळ्या द्यायला आरोग्य कर्मचारी दारात आले तर "आम्हाला काय झालंय?" म्हणून परत पाठवू नका. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल किंवा गंभीर आजारी माणूस सोडून बाकीच्यांनी त्यांच्यासमोरच गिळा. रोग बाहेरून दिसत नाही तेव्हाही जंतू रक्तात असू शकतात.

आजी, तुझं पाप-बिप काही नव्हतं गं. डास होते. हे तुला वेळेवर सांगायला हवं होतं.