नकोशी झणझण : पेडल हार्पचा मागोवा

पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपातली हार्प झणझणायची, आणि ती झणझणावी म्हणून कारागीर मेहनत घेत. तबलीत तात अडकवायला ज्या लाकडी खुंट्या असत त्या कोनात वाकवलेल्या असत. खुंटीचं आडवं टोक तातेला निसटतं टेकेल असं फिरवून ठेवायचं. तात छेडली की ती त्या टोकावर थरथरत आपटे आणि झर्रर्र असा भरदार, लांब पोचणारा सूर निघे. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा मागेपुढे सरकवत जवारी शोधणाऱ्या मिरजेच्या कारागिराला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्या काळच्या हार्पवादकाला आजचा निखळ सूर बहुधा बोडका वाटला असता.

मग हीच झणझण रोग कधी ठरली? कानांची आवड बदलली हे खरंच, पण मला त्याचं मोठं कारण पायाखाली आलेल्या यंत्रात दिसतं. वाकड्या खुंट्यांची झणझण सगळ्या तारांवर सारखी आणि वादकाच्या हुकमातली होती. यंत्राची झणझण एखाद्याच तारेवर, एखाद्याच सुरावर, न बोलावता येते. पेडल हार्पच्या रचनेत जे बदल झाले त्यांतले बरेचसे या आगंतुक आवाजाशी झटापट करतानाच झालेले आहेत.

सुरुवात बव्हेरियातल्या डोनाउवर्थ गावात झाली. १७२०च्या सुमारास याकोब होखब्रुकर या कारागिराने हार्पच्या पायाशी पेडलं बसवली. पेडल दाबलं की पोकळ खांबातून गेलेली सळई ओढली जाई, मानेवरचा आकडा तारेला पकडून मानेकडे खेची आणि सूर अर्ध्या स्वराने चढे. हात मोकळे राहिले, वाजवता वाजवता पट्टी बदलता येऊ लागली. पण आकड्याने ओढलेली तार आपली ओळ सोडून बाजूला सरके. बोटांना ती जागेवर सापडत नसे, आकड्याची पकड सैल असली तर ती त्यावर खरखरे, आणि पुन्हा पुन्हा खेचून तुटेही. फ्रान्समध्ये राणी मारी आंत्वानेतमुळे हार्प बड्या घरांत मिरवू लागली तेव्हा पॅरिसच्या नादेरमान यांच्यासारख्या कारागिरांनी तिच्यावर अप्रतिम नक्षी कोरली, सोन्याचा मुलामा चढवला. आकडा मात्र आकडाच राहिला. कूझिनो पितापुत्रांनी त्याच्या जागी दोन छोट्या कुबड्या बसवल्या. त्या विरुद्ध दिशांना वळून तारेला चिमटीत धरत. दिशा बरोबर होती.

त्या चिमटीला पूर्णत्व दिलं सेबास्तियाँ एरार याने. स्ट्रासबर्गमध्ये जन्मलेला हा पियानोकार फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत लंडनला आला आणि १७९४ साली त्याने हार्पचं पेटंट घेतलं. तारेमागे एक पितळी चकती, चकतीवर दोन ठेंगणे खिळे, तार त्यांच्या मधून गेलेली. पेडल सैल असताना खिळे तारेला शिवत नाहीत. दाबलं की चकती वळते आणि दोन्ही खिळे तारेला दोन बाजूंनी घट्ट धरतात. तार जागची हलत नाही, फक्त तिची लांबी कमी होते. इतकी साधी आणि इतकी नेमकी युक्ती वाद्यांच्या इतिहासात फार थोड्यांना सुचली आहे. एरारने आणखी दोन गोष्टी केल्या. यंत्र लाकडी मानेच्या पोटातून काढून पितळी पट्ट्यांमध्ये बसवलं, आणि पट्ट्या जोडून केलेल्या जुन्या ध्वनिपेटीऐवजी गोल पाठीची पेटी आणली. सांधे कमी, म्हणजे कालांतराने सुटून कुरकुरणाऱ्या जागाही कमी.

१८१० साली त्याने प्रत्येक तारेवर दोन चकत्या बसवल्या. पेडल वरच्या खाचेत असताना दोन्ही मोकळ्या, तेव्हा सूर फ्लॅट, म्हणजे अर्ध्या स्वराने उतरलेला. मधल्या खाचेत वरची चकती पकडते, सूर नॅचरल. खालच्या खाचेत दोन्ही, सूर शार्प, म्हणजे अर्ध्या स्वराने चढलेला. आजची मैफलीची हार्प याच तत्त्वावर चालते : ४७ तारा, ७ पेडलं, हजाराच्या वर सुटे भाग आणि सगळ्या तारांचा मिळून सुमारे ९०० किलोचा ताण. संगीतकारांना सगळे स्वर मोकळे झाले. त्याचबरोबर झणझण कुठून येऊ शकते त्या जागाही शेकड्यांनी वाढल्या.

गंमत अशी की त्या जागा शोधायचं साधनही याच रचनेने दिलं. झणझणणारी तार तिन्ही खाचांत वाजवून पाहायची. फ्लॅट आणि नॅचरलमध्ये झणझण, शार्पमध्ये गायब, तर खालच्या चकतीचे खिळे तारेला फार जवळ आलेत. फक्त नॅचरलमध्ये असेल तर वरच्या चकतीची पकड ढिली आहे, किंवा अर्धवट वळलेली खालची चकती तारेला लागते आहे. तिन्हींत असेल तर चकत्यांना सोडून दुसरीकडे बघायचं. आणि मला सर्वांत सुंदर वाटते ती पुढची परीक्षा. सी तारेचा शार्प आणि डी तारेचा फ्लॅट हा एकच सूर. सी शार्पला झणझण ऐकू आली तर तोच सूर डीच्या तारेवर काढायचा. तिथे आवाज स्वच्छ आला तर दोष सीच्या तारेच्या वाटेवर कुठेतरी आहे. तिथेही झणझणलं तर दोन्ही तारा निर्दोष. पेटीतली किंवा खोलीतली एखादी सैल वस्तू त्या कंपनसंख्येला जागी होते आहे. पियानोवाल्याला ही सोय नाही, त्याच्याकडे या दोन्हींसाठी एकच काळी पट्टी असते.

एरारची हार्प मात्र सगळ्या हवामानांत टिकत नव्हती. अमेरिकेत हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या खोल्या आणि उन्हाळ्यात दमट हवा, यांत युरोपीय हार्पचं लाकूड आकसे, फुगे, सांधे बोलू लागत. शिकागोच्या लायन अँड हीली कंपनीने १८८९ साली स्वतःची पहिली हार्प काढली ती या हवेला पुरून उरेल अशी. मजबुती, सुरात टिकणं आणि नको त्या कंपनांपासून मुक्ती, या गुणांसाठी ती नावाजली गेली.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये प्लेयेल कंपनीच्या गुस्ताव्ह लियोंने मुळावरच घाव घालायचं ठरवलं : पेडल नको, चकती नको, एकमेकींना छेदणाऱ्या तारांच्या दोन ओळी, प्रत्येक स्वराला आपली तार. या क्रोमॅटिक हार्पसाठी प्लेयेलने संगीतकार द्यबुसीकडून १९०४ साली दोन नृत्यं लिहून घेतली. एरारच्या वारसांनी रावेलकडून १९०५ साली पेडल हार्पसाठी रचना करवून उत्तर दिलं. यंत्राविना हार्प अनेक दुखण्यांतून सुटली असती, पण पेडलांनी सात स्वर हवे तसे बसवून बोटं सरसर फिरवण्याची जी जादू आहे ती तिच्यात नव्हती. वादकांनी यंत्र निवडलं, त्याच्या दुखण्यांसकट. ती निवड योग्यच होती असं मला वाटतं. आज द्यबुसीची ती नृत्यंही बहुतेक वेळा पेडल हार्पवरच ऐकू येतात.

विसाव्या शतकात या दुखण्यांची माहिती कारागिरांच्या हातांतून पिढ्यान्‌पिढ्या जमत गेली, आणि तिचं सार असं की आधी सोपं बघावं. खुंटीवर गुंडाळलेल्या तारेचं शेपूट शेजारणीला लागतंय का? नवी तार बसवताना तबलीखालची गाठ नीट बसली आहे का? ध्वनिपेटीच्या पाठीला हात घालायला भोकं असतात, त्यांतून तातेचे तुकडे, पेन्सिल, सुटलेला स्क्रू आत पडलेला सापडतो. खर्जाच्या तारांवरचं वेटोळं सैल झालं तर तार बदलण्यावाचून इलाज नाही. एकाने तार छेडावी आणि दुसऱ्याने बोटाने एकेक संशयित जागा दाबत जावं : चकतीचा स्क्रू, तबलीतल्या भोकाचं अस्तर, पायाची फळी. दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. तरीही सापडेना तर हार्प दुसऱ्या खोलीत न्यावी. दिव्याची काच, खिडकीचं तावदान, वाद्यवृंदात शेजारी ठेवलेला स्नेअर ड्रम यांनी कितीतरी निर्दोष हार्पना बदनाम केलं आहे.

खांबातल्या सात सळ्यांचा आवाज ओळखायला जरा कसब लागतं. सळ्यांभोवतीचं मऊ अस्तर झिजलं की त्या खुळखुळतात, आणि झणझण कधी या तारेवर तर कधी त्या तारेवर येते. अशा वेळी झणझणणाऱ्या तारेचं सोडून बाकीची पेडलं एकेक करून वेगळ्या खाचेत टाकावीत. एखादं हलवल्यावर आवाज बंद झाला तर त्याच सळईवर संशय धरावा. फ्रान्सच्या कामाक कारखान्याने पुढे सळ्यांऐवजी ताणलेली पोलादी केबल वापरून हा प्रश्नच काढून टाकला. विसाव्या शतकातच काही संगीतकारांना उलट पेडलाची झणझण हवीशी वाटली. पेडल दोन खाचांच्या मध्ये धरायला सांगून ते खिळ्यांवर आपटणाऱ्या तारेचा धातूसारखा आवाज मुद्दाम मागू लागले.

एक कारण मात्र कुठल्याही कारखान्याला टाळता आलेलं नाही. तारांचा सगळा भार मानेच्या एकाच बाजूला असतो. वर्षानुवर्षं तो सोसून मान हळूहळू पिळली जाते, तबली फुगून वर येते, आणि तार चकतीच्या दोन खिळ्यांच्या मधोमध राहत नाही. दर एक-दोन वर्षांनी होणाऱ्या रेग्युलेशनमध्ये कारागीर तारेची वरची घोडी किंचित सरकवून, चकत्या पुन्हा जुळवून हे सावरतो. मेपलचे अनेक थर चिकटवून केलेल्या आजच्या माना पूर्वीपेक्षा जास्त टिकतात, तरी शेवटी मान बदलावी लागतेच. एकोणिसाव्या शतकातल्या एरारच्या हार्पबाबत आता बरेच कारागीर वेगळा रस्ता घेतात. मूळ मान शक्यतो तशीच ठेवायची आणि आजच्या जाड तारांऐवजी तेव्हासारख्या हलक्या, कमी ताणाच्या तारा चढवायच्या. ताण उतरला की चकत्यांना तार पुन्हा नीट पकडता येते, आणि त्या हार्पचा मूळचा हलका, उजळ सूरही ऐकू येतो.