अर्ध्या टाकीची कैफियत

जे यंत्र बंद पडले ते पडलेच, अशा यंत्राचा दोष शोधणे फारसे अवघड नसते. दोष जागच्या जागी हजर असतो आणि मेस्त्रीने दुपारची भाकर खाऊन यावे तोवर तो पळून जात नाही. खरी कसोटी लागते ती मधूनच आजारी पडणाऱ्या गाडीपाशी. तिने घाटात दोनदा दम तोडावा, चालकाला भर उन्हात रस्त्यावर उतरवावे, आणि वैद्याच्या ओटीवर पाऊल ठेवताच दाढदुखी थांबावी तसे गॅरेजच्या दारात येताच घड्याळासारखे चालू लागावे. अशा गाडीचा तपास ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ती मी कराडच्या एका जुन्या गॅरेजात जवळून पाहिली.

आजच्या गाडीत संगणकाची पेटी असते आणि ती आपल्या दुखण्याचा आकडा स्वतःच सांगते. जुन्या डिझेल ट्रकला ही वाचा नाही. रूडॉल्फ डीझेलने १८९७ साली आउग्सबर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्याचेच तत्त्व या ट्रकच्या पोटात अद्याप नांदत असते: हवा मूळच्या सोळा-सतराव्या हिश्श्याइतकी दाबली की ती तापून अशी प्रखर होते, की तीत उडालेला डिझेलचा फवारा ठिणगीवाचून पेट घेतो. हा फवारा मोजून आणि नेमक्या क्षणी उडवणारा पंप बॉशने १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर काढला, आणि मग हे इंजिन रस्त्यावरच्या वाहनात सुखाने बसले. आपल्याकडे १९५१ साली बंगलोरला बॉशच्या सहकार्याने मायको कंपनी आणि १९५४ पासून जमशेदपूरला डायम्लर-बेंझच्या सहकार्याने टाटांच्या टेल्कोचे ट्रक सुरू झाले, आणि मेस्त्र्यांच्या पुढच्या पिढ्यांचा हात याच जातीच्या पंपावर बसला. हे इंजिन एकदा सुरू झाले की बॅटरीच्या तारा सोडून ठेवल्या तरी चालत राहते. म्हणून ते वाटेत एकाएकी थांबले तर विजेवर संशय घेण्याचे कारण क्वचितच असते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना हे ऐकून नवल वाटेल, की मेस्त्रीचे पहिले हत्यार पाना नसून कान आहे. गाडी ‘मिसिंग’ करू लागली की तो एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित ढिला करतो. ज्याचा नट ढिला केल्यावर इंजिनाचा आवाज मुळीच बदलत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच कामचुकार ठरतो. धूरही साक्ष देतो: काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे, आणि निळसर असेल तर ऑइल जळते आहे. परंतु ही सारी साक्ष गाडी प्रत्यक्ष आजारी असेल तरच उपयोगी. निरोगी वेषात उभ्या असलेल्या गाडीपुढे कान आणि डोळे दोन्ही निरुपायी होतात.

मी पाहिलेला ट्रक चिपळूणकडून जांभ्याचा चिरा भरून कुंभार्ली घाटाने कराडला येई. घाटाच्या मध्यावर त्याची ताकद हळूहळू ओसरे, मग दोन-तीन आचके आणि शांतता. चालक उतरून फीड पंपाचा हातदांडा मारी, फिल्टरवरचा स्क्रू सोडून एअर काढी, आणि गाडी पुन्हा निमूट चढू लागे. घाट, भार आणि चढ हे तिन्ही गुन्हेगार डोळ्यांसमोर असल्यामुळे दुसरीकडे पाहण्याची बुद्धी कोणालाच झाली नाही. निरनिराळ्या हातांनी पंप उतरवून कॅलिब्रेट केला, नोझल बदलल्या, फिल्टर दोनदा बदलले, फीड पंपही नवा बसवला. मालकाचा खर्च वाढत गेला आणि ट्रक घाटात पूर्ववत थांबत राहिला. एका वेळी चार जिन्नस बदलणारा मेस्त्री पुष्कळदा गाडी बरी करतो, पण कशाने बरे झाले हे त्यालाही कळत नाही. आणि बरे झाले नाही तर त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीच उरत नाही.

आमच्या मेस्त्रींनी बॉनेटला हात न लावता चालकाला समोरच्या बाकावर बसवले.

“डिझेल कुठं भरतोस?”

“हितंच, कराडात. निघताना टाकी फुल्ल.”

“आणि गॅरेजला आणायच्या आधी?”

“तवाबी फुल्लच, मेस्त्री. मालकांचा हुकूमच हाय, मोकळ्या टाकीत पाणी धरतं म्हणून.”

हुकूम रास्त होता, आणि त्या रास्त हुकुमानेच दोष इतके दिवस लपवला होता. मेस्त्री एवढेच म्हणाले, “उद्या अर्ध्या टाकीनं आण.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीकडून येणाऱ्या पाइपात हातभर पारदर्शक नळी जोडली. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा हा भाग शोषणाचा असतो. पुढच्या, दाबाच्या बाजूला फट पडली तर डिझेल बाहेर ठिबकते आणि ओल दिसते, पण इथे फट पडली तर बाहेर काहीच येत नाही, हवा मात्र आत जाते, आणि पाइप वरून कोरडाठाक राहतो. इंजिनावर जोर देताच त्या नळीतून बारीक बुडबुड्यांची माळ सरकू लागली. मग मेस्त्रींनी टाकीला रजा देऊन डिझेलचा एक कॅन टांगला आणि त्यातून थेट पुरवठा केला. बुडबुडे नाहीसे झाले. पंप, नोझल, फिल्टर, सारे एका कॅनने निर्दोष सुटले. बाहेरचे जोड आवळून आणि तांब्याचे वॉशर बदलून पाहिले, तरी टाकी जोडताच बुडबुडे पुन्हा रुजू. तेव्हा टाकीच्या आत उभा असलेला शोषणाचा पाइप काढला, खालचे तोंड बोटाने बंद केले, बादलीत बुडवून वरून फुंकर मारली. निम्म्या उंचीवर, जुन्या झाळणीशेजारी, केसाएवढ्या भेगेतून पाण्यात बुडबुडे फुटले.

आता साऱ्याचा उलगडा झाला. टाकी भरलेली असताना भेग डिझेलात बुडालेली राही आणि तिच्यातून डिझेलच आत येई. निम्मी टाकी रिकामी होताच ती उघडी पडून हवा ओढू लागे. सपाटीवर इंजिनाची भूक थोडी, म्हणून ती हवा जास्तीच्या डिझेलबरोबर परतीच्या नळीने टाकीत निघून जाई. चढावर भूक वाढली की हवा पंपात शिरे. आणि हवा दाबली जात असल्यामुळे प्लंजरचा सारा जोर तिलाच आवळण्यात खर्ची पडून नोझल उघडण्याइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅमचा, दाबच तयार होत नसे. कराडला भरलेली टाकी कोकणातून परतताना नेमकी घाटात निम्म्यावर येई, एवढाच काय तो बिचाऱ्या घाटाचा अपराध.

पाइप नवा बसला. पुढच्या खेपेला चालकाने मालकांना न विचारता टाकी अर्धीच भरली आणि चिरा घेऊन घाट चढला. माथ्यावर गाडी उभी करून, सवयीनेच, त्याने हातदांडा दाबून पाहिला. एरवी पोकळ जाणारा दांडा पहिल्याच दाबाला कडक लागला.