सहा उपकेंद्रं, एक डॉक्टर आणि पहिली चिठ्ठी

2011च्या जनगणनेनुसार कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्याची लोकसंख्या 17.03 लाख, कलबुर्गीची 25.66 लाख. त्यातले साधारण 30 लाख लोक खेड्यांत राहतात. सरकारी निकषानुसार 5 हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि 30 हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं. भागाकार केला, तर दोन्ही जिल्ह्यांना मिळून 600 उपकेंद्रं लागतात आणि डॉक्टर बसतो अशी केंद्रं 100. एका डॉक्टरच्या केंद्राभोवती सहा उपकेंद्रं. तिथं रुग्णाला आधी हात लावते ती नर्सच.

2018पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, नेमले जाऊ लागले. कर्नाटकानं या पदावर नर्सिंग शिकलेल्यांना घेतलं. उपकेंद्राच्या यादीत 105 औषधं आणि 14 तपासण्या आहेत. आता बीदरमधल्या औरादकडचं एखादं उपकेंद्र डोळ्यांपुढे आणा. तुरीच्या रानातून आलेली पन्नाशीची बाई, दंडाला पट्टा, यंत्रावर रक्तदाब 170/100. सिस्टरला दुखणं कळलंय, गोळी कपाटात आहे. पण पहिली चिठ्ठी डॉक्टरचीच लागते. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर डॉक्टर भेटला तर ठीक, नाहीतर ‘मावशी, उद्या केंद्रात जाऊन या.’ उद्या गेलं तर मजुरी बुडते. मावशी जात नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत 1965 साली नर्स प्रॅक्टिशनरचं, म्हणजे स्वतः तपासून उपचार करणाऱ्या नर्सचं, शिक्षण सुरू झालं, तेही ज्यांच्यापर्यंत डॉक्टर पोचत नव्हते अशा मुलांसाठीच. आपल्याला इतकं लांब बघायचीही गरज नाही. बीदरला खेटून असलेल्या तेलंगणानं 2017 मध्ये करीमनगरला 30 नर्सना 18 महिन्यांचं प्रसूतिसेवेचं प्रशिक्षण द्यायला घेतलं. 2018-20 मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू महाराष्ट्रात 33, तेलंगणात 43 आणि कर्नाटकात 69 होते. या तफावतीचं श्रेय तीस जणींना देणं चुकीचं ठरेल, पण 69 हा आकडा स्वस्थ बसू देत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 च्या कलम 32 मध्ये सामुदायिक आरोग्यसेवकांना प्राथमिक उपचारांत ठरावीक औषधं स्वतः लिहून देण्याचा मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. माझ्या मते तो पुरेशा प्रशिक्षणानंतर या दोन जिल्ह्यांतल्या नर्सना आधी द्यावा, सुरुवात रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांपासून करावी. आणि नेमणुका करणाऱ्यांना एक विनंती: औराद, भालकी, आळंदच्या मराठी बोलणाऱ्या गावांत मराठी समजणारी सिस्टर द्या.