परदेशी जाण्यापूर्वी : सरकारी सूचना कशी वाचावी?



बारावीनंतर मुलाला परदेशी पाठवायचे ठरले की आपल्या घरांत फी, व्हिसा, मेस, थंडीचे कपडे या सगळ्याची कसून चौकशी होते. त्या देशाविषयी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने किंवा तिथल्या भारतीय दूतावासाने काही सूचना काढली आहे का, हे पाहणारे मात्र थोडे. पाहिले तरी ती नीट वाचली जातेच असे नाही. ही सूचना, म्हणजे ॲडव्हायझरी, चार-सहा ओळींची असते, भाषा कोरडी असते आणि सगळे वजन क्रियापदात असते. युक्रेनचे उदाहरण पाहू या.

२०२२ च्या आरंभी युक्रेनमध्ये सुमारे २० हजार भारतीय होते. त्यांतले बहुतेक एम.बी.बी.एस. शिकणारे विद्यार्थी. इंदूर आणि आसपासच्या गावांतलीही मुले त्यांत होती. कारण उघड आहे : येथे सरकारी जागा मोजक्या आणि खासगी महाविद्यालयाची फी मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर. जानेवारीच्या अखेरीस कीव्ह येथील दूतावासाने भारतीयांना नावनोंदणी करायला सांगितले. अनुभवी माणसाने तेव्हाच कान टवकारायला हवे होते, कारण दूतावास माणसे मोजू लागतो तेव्हा तो पुढची तयारी करत असतो.

१५ फेब्रुवारीला पहिली सूचना निघाली. ज्यांचे राहणे आवश्यक नाही अशांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा, असे तिच्यात होते. ‘विचार करावा’ हे शब्द घरोघरी वाचले गेले आणि लोक खरोखर विचारच करत बसले. विद्यापीठे हजेरी मागत होती, ऑनलाइन वर्गांचे नक्की नव्हते, विमानांची तिकिटे महागली होती, आणि युक्रेनचे सरकारही घबराट नको असेच म्हणत होते. १७ तारखेला भारत सरकारने तिथल्या विमानफेऱ्यांच्या संख्येवरचे कोविडकाळातले बंधन उठवले. हीदेखील एक प्रकारे सूचनाच होती, पण तिच्यावर ‘सूचना’ असे लिहिलेले नव्हते.

२० तारखेच्या सूचनेत ‘विचार करावा’ गेले आणि सर्व विद्यार्थ्यांना देश सोडण्याचा सल्ला आला. २२ तारखेला तर विद्यापीठाच्या अधिकृत उत्तराची वाट पाहत थांबू नका, असे स्पष्ट लिहिले गेले. त्याच रात्री एअर इंडियाचे एक विमान सुमारे २४० प्रवाशांना घेऊन दिल्लीला पोहोचले. २४ तारखेला पहाटे युद्ध सुरू झाले, आकाशमार्ग बंद झाला आणि कीव्हकडे निघालेले दुसरे विमान वाटेतूनच परत फिरले. पहिल्या सूचनेपासून दार बंद होईपर्यंत अवघे नऊ दिवस मिळाले होते.

यानंतरची भाषा पाहा. १ मार्चला खारकीव्हमध्ये कर्नाटकचा एक विद्यार्थी मारला गेला. २ मार्चला तेथील भारतीयांना ताबडतोब शहर सोडण्यास सांगण्यात आले. ‘ताबडतोब’ हा शब्द मुद्दाम दोनदा लिहिला होता. वाहन न मिळाल्यास ११ ते १६ किलोमीटरवरच्या गावांपर्यंत पायी जा आणि संध्याकाळी सहाच्या आत पोहोचा, असा तो आदेश होता. ‘ऑपरेशन गंगा’त ९० विमानफेऱ्या झाल्या आणि १ फेब्रुवारीपासून एकंदर २२,५०० हून अधिक भारतीय परतले. काम मोठे होते यात शंका नाही. पण ही विमाने रुमानिया, हंगेरी, पोलंड, स्लोव्हाकियाहून सुटत होती. सीमेपर्यंतचा रस्ता मुलांनी बर्फातून स्वतःच काटला.

पहिली सूचना इतकी मऊ का होती? माझ्या मते ती जास्तच मऊ होती. तरी दूतावासाची अडचण समजून घ्यायला हवी. तो त्या देशाचा पाहुणा असतो. ‘पळा’ म्हटले की यजमान दुखावतो, आणि युद्ध झालेच नाही तर हजारो मुलांचे वर्ष वाया घालवल्याचे खापरही त्याच्याच माथी फुटते. आपणही हे सोसले आहे. ३१ मे २००२ रोजी भारत-पाकिस्तान सीमेवर फौजा समोरासमोर असताना अमेरिकेने आपल्या नागरिकांना भारत सोडण्याचा सल्ला दिला, तेव्हा आपल्याकडे केवढी नाराजी झाली होती!

अमेरिका प्रत्येक देशाला १ ते ४ अशी पायरी देते. ४ म्हणजे जाऊच नका. आपल्याकडे अशी कायमची क्रमवारी नाही, प्रसंग पडेल तशी सूचना निघते. म्हणून शब्दांची चढण ओळखावी लागते : ‘सावध राहा’, मग ‘अनावश्यक प्रवास टाळा’, मग ‘देश सोडा’. त्यापुढे क्वचित सरळ बंदीच येते. २०१५ मध्ये येमेनमधून ‘ऑपरेशन राहत’द्वारे ४,६०० हून अधिक भारतीय आणि ४१ देशांचे सुमारे ९६० परदेशी बाहेर काढले गेले. तेव्हा परराष्ट्रमंत्री होत्या आपल्याच विदिशाच्या खासदार सुषमा स्वराज. तेथेही आधी सूचना दिल्या गेल्या होत्या, पण नोकरी सोडून यायचे कसे म्हणून पुष्कळ जण थांबले. पुढे २०१७ मध्ये येमेनला जाण्यावर बंदीच आली. अशी बंदी मोडणाऱ्याचा पासपोर्ट जप्त होऊ शकतो.

प्रवास विमा घेताना एक कलम जरूर वाचा. युद्धातील नुकसान बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते. सूचना असतानाही गेलात तर काय, हे एजंटाकडून तोंडी न ऐकता लेखी घ्या.

नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणांनी आणखी एक गोष्ट पाहावी. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रालयाने संगणक शिकलेल्या मुलांना सावध केले होते : थायलंडमध्ये मोठ्या पगाराची नोकरी सांगतात आणि म्यानमारमध्ये नेऊन फसवणुकीच्या धंद्याला जुंपतात. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही, एवढे माहीत असले तरी एजंटाची अर्धी लबाडी उघडी पडते. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर आहे. परदेशात अडचण आल्यास तक्रारीसाठी ‘मदद’ हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. मुलगा त्या देशात उतरला की पहिल्या आठवड्यातच दूतावासात नावनोंदणी करायला लावा, आणि दूतावासाचा दूरध्वनी क्रमांक आई-वडिलांनी इकडे कागदावर लिहून ठेवावा. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागदावरचा क्रमांक राहतो.